मेंदूच्या लहरी मोजून एकाग्रता वाढवणारी यंत्रं: फरक पडला हे ओळखायचं कसं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत आहे, वय ९. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान केलंय. औषध अजून सुरू नाही. आधी घरातली शिस्त, झोप, शाळेशी बोलणं हे करून बघू, असं त्यांचं म्हणणं.

दरम्यान ओळखीतून इथल्या एका केंद्रात गेलो. मुलाला टोपी घालून ईईजी (टाळूवरून घेतलेली मेंदूच्या लहरींची नोंद) काढला आणि रंगीत छापील अहवाल दिला. त्यात डोक्याची वरून काढलेली गोल चित्रं आणि पुढच्या बाजूला लाल डाग. "थीटा लहरी जास्त, बीटा लहरी कमी, म्हणून लक्ष टिकत नाही" असं सांगितलं. उपाय न्यूरोफीडबॅक. पडद्यावर विमान असतं, लहरी हव्या तशा आल्या की ते वर जातं, नाहीतर खाली येतं. ४० सत्रं, आठवड्यातून तीन. शेवटी तीच चाचणी पुन्हा करून फरक दाखवणार.

माझा प्रश्न यंत्र चांगलं की वाईट एवढाच नाही. समजा सगळी सत्रं केली, तर फरक पडला की नाही हे मी कशावरून ठरवू? लाल डाग पिवळा झाला यावरून? वहीवरून? पैसे बरेच आहेत, पण मला जास्त वाटतं ते त्याच्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळींचं. त्या त्याच्या खेळायच्या आहेत.

दुपारची_झोप
माझ्या बाबतीत विमान धावपट्टीवरच राहील :) पण प्रश्न भारी आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

सूक्ष्मव्होल्ट
पुण्यात वैद्यकीय उपकरणांवर काम करतो, ईईजीचे अ‍ॅम्प्लिफायर हा रोजचा विषय. उपचाराबद्दल बोलणार नाही, मोजमापाबद्दल सांगतो.

टाळूवर मिळणारी अल्फा लहर साधारण १० ते ५० मायक्रोव्होल्टची असते. घड्याळातला सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्ट. यावरून केवढ्याशा संकेताबद्दल बोलतोय ते कळेल. डोळ्यांची एक उघडझाप याच्या कितीतरी पट मोठा ठसा उमटवते. दात आवळले, कपाळाला आठी घातली, मान ताठ केली की स्नायूंची वीज बीटाच्या पट्ट्यात जाऊन बसते. वर घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं) असतातच.

पट्टे ढोबळमानाने असे: ४ हर्ट्झच्या खाली डेल्टा (गाढ झोप), ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा, त्यापुढे गॅमा. या सीमा सोयीसाठी आखलेल्या आहेत, मेंदूत कुठे कुंपण नाही. आणि "थीटा म्हणजे दुर्लक्ष, बीटा म्हणजे लक्ष" असं सरळ समीकरण मांडता येत नाही. मुलाला डुलकी येत असली तरी थीटा वाढतो. लहान मुलांमध्ये तो मुळातच जास्त असतो आणि वयाबरोबर कमी होत जातो. गोदाकाठताई, चाचणी किती वाजता झाली होती? शाळेतून थेट नेलं होतं का?

अजून एक. कवटीबाहेरून मोजताना लाखो पेशींची एकत्रित हालचाल तेवढी कळते. विसर्जन मिरवणुकीत दोन गल्ल्या पलीकडे उभं राहिलं तर ढोलांचा ठेका ऐकू येतो, पण कोणत्या पथकातला कोणता वादक चुकला ते सांगता येत नाही. तसंच हे.

गोदाकाठ
हो, शाळेतून थेट. साडेपाच वाजले होते, डबा अर्धाच खाल्ला होता. तिथे तासभर थांबावंही लागलं. हे कुणी विचारलंच नाही.

यावल_ते_येना
मी जर्मनीत येना शहरात असतो आणि ईईजीचा उगम इथलाच, म्हणून लिहितो. इथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हान्स बर्गर याने ६ जुलै १९२४ रोजी माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली. स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरही त्याने बऱ्याच नोंदी केल्या. आणि मग पाच वर्षं गप्प. १९२९ साली पहिला लेख छापला.

त्या पाच वर्षांत तो काय करत होता, तर स्वतःवर शंका घेत होता. ही वीज हृदयाची तर नाही? कातडीची, रक्तवाहिन्यांची, डोळ्यांच्या हालचालीची तर नाही? एकेक शक्यता तपासून बाजूला काढत होता. तरी लोकांचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच लय पुन्हा दाखवली तेव्हा मान्यता मिळाली. डोळे मिटले की १० हर्ट्झच्या आसपासची लय उठते, उघडले की मावळते. आजही कुठलंही यंत्र तपासायची ही पहिली पायरी आहे.

तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच वेळी दूर घरी बहिणीला तो संकटात आहे असं वाटलं. मनातलं मनाला कळतं का, याचा भौतिक पुरावा शोधायला तो या विषयात आला होता. तो पुरावा काही मिळाला नाही. पुढे नाझी काळात सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयातही तो बसला. इथे त्याचं नाव घेताना हे सांगणं टाळू नये असं मला वाटतं.

अरुणोदय
येनाकर, उत्तम माहिती. योगायोग बघा, त्याच १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांवर प्रयोगशाळेत काम करायला घेतलं. १९६१ साली दिल्लीच्या एम्समधून आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा योग्यांवरचा ईईजी अभ्यास छापून आला. ध्यानात असताना प्रकाश, मोठा आवाज, गरम वस्तूचा स्पर्श यांनी त्यांची अल्फा लय मोडली नाही. दोघांनी ४ अंश पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात ठेवला तरी अल्फा कायम.

मी गेली अनेक वर्षं ध्यान करतो. माझं म्हणणं एवढंच की साधनेने मेंदूच्या लयी बदलतात ही कल्पना हास्यास्पद नाही. यंत्र ही त्याची पायरी होऊ शकते. सगळं उडवून लावू नका.

सूक्ष्मव्होल्ट
काका, उडवून लावत नाही. लयी बदलतात यावर वादच नाही. पण त्या अभ्यासात मोजके योगी होते, वर्षानुवर्षं साधना केलेले. साधनेने अल्फा टिकला, की ज्यांचा मुळातच असा टिकतो तीच माणसं साधनेत रमली, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला साधना न करणारी माणसं घेऊन, काहींना शिकवून, काहींना न शिकवता, आधी आणि नंतर मोजावं लागतं. आणि अल्फा वाढल्यामुळे माणसाचं काय बदललं, हा पुन्हा वेगळा प्रश्न.

संत्रानगर
काय सांगू राजेहो, इथे सगळे पुस्तकातलंच बोलून राहिले. माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी नागपूरला न्यूरोफीडबॅक पूर्ण केलं. आधी जेवताना दोन घास खाऊन उठायची, गृहपाठाला रोज रडारड. सत्रं संपेपर्यंत ती एका जागी बसायला लागली, बाईंनी पालकसभेत स्वतःहून सांगितलं. आम्ही डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणायचं? ताई, शक्य असेल तर करा. मायक्रोव्होल्ट मोजत बसाल तर मूल मोठं होऊन जाईल.

भिंगरी
+१ संत्रानगर. अनुभव तो अनुभव.

मनमोकळी
मी मुंबईत मुलांसोबत काम करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. संत्रानगर, तुमची मुलगी सुधारली हे मी शंभर टक्के मानते, आणि वाचून मनापासून बरं वाटलं. प्रश्न एवढाच की ती कशामुळे सुधारली. गोदाकाठताईंना नेमकं तेच हवंय, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत दोन ठिकाणी मिळून एक चाचणी झाली, तिचे निकाल काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले. ७ ते १० वयाची १४४ मुलं, सगळ्यांना एडीएचडी, सगळ्यांचं थीटा-बीटा गुणोत्तर जास्त. म्हणजे या उपचाराचा फायदा व्हायचा तर ज्यांना व्हावा अशीच मुलं निवडलेली. एका गटाला खरं न्यूरोफीडबॅक. दुसऱ्या गटाला तीच खोली, तीच टोपी, तोच खेळ, तितकीच ३८ सत्रं, पण पडद्यावरचा खेळ दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवलेल्या लहरींवर चाललेला. कोण कोणत्या गटात हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, प्रशिक्षकांना, कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी पालकांनी आणि शिक्षकांनी दिलेल्या गुणांवरून पाहिलं तर दोन्ही गट सुधारले होते. थोडेथोडके नाही, चांगले सुधारले. आणि दोन्हींमध्ये फरक नव्हता.

यातून "काही झालंच नाही" असा अर्थ निघत नाही. मुलं सुधारली. पण ज्या विशिष्ट लहरीसाठी पैसे मोजले तिचा त्यात वेगळा वाटा दिसला नाही. मग सुधारणा कुठून आली? एक मोठं माणूस आठवड्यातून तीनदा शांतपणे शेजारी बसतं, कौतुक करतं. मूल न हलता बसायचा सराव करतं. आईवडिलांना आशा वाटते, घरातला आरडाओरडा कमी होतो. मूल काही महिन्यांनी मोठं झालेलं असतं. शिवाय आपण उपचाराला जातो ते परिस्थिती अगदी हाताबाहेर गेली की. तिथून पुढे ती थोडी निवळतेच, काही केलं नाही तरी.

प्रामाणिकपणे हेही सांगते की १३ महिन्यांनी पाहिलं तेव्हा खऱ्या न्यूरोफीडबॅकच्या गटात औषध लागलेली मुलं कमी होती. मुख्य मोजमापात मात्र तेव्हाही फरक नव्हता. म्हणून विषय कायमचा बंद झाला असं मी म्हणणार नाही. पण ४० सत्रांची हमी देण्याइतका पुरावा नाही.

संत्रानगर
मनमोकळीताई, रीतसर सांगितलंत, राग नाही. पण मग मला सांगा, त्या १९६०च्या दशकातल्या मांजरांचं काय? त्यांना कसली आशा आणि कसलं कौतुक? हे मला केंद्रातल्या माणसाने सांगितलं होतं, मी नंतर वाचलंही.

सूक्ष्मव्होल्ट
हा मुद्दा खरंच वजनदार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॉस एंजेलिसला बॅरी स्टरमन नावाचा संशोधक मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची एक लय वाढवायला शिकवत होता. लय आली की खाऊ. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनावर काम करताना त्याला दिसलं की शिकवलेल्या मांजरांना त्या विषाने झटके येतात, पण बाकीच्यांपेक्षा उशिरा. त्यावरून अपस्माराच्या रुग्णांवर प्रयोग झाले, १९७२ मध्ये पहिली नोंद छापली गेली.

म्हणजे मेंदूला स्वतःची लय बदलायला शिकवता येतं, आणि निदान झटक्यांच्या बाबतीत त्याचा शरीरावर परिणाम होतो, याला आधार आहे. पण मांजराच्या झटक्यांवरून नऊ वर्षांच्या मुलाच्या गृहपाठापर्यंत उडी मारायची तर मधला प्रत्येक टप्पा वेगळा सिद्ध व्हायला हवा. मनमोकळींनी सांगितलेली चाचणी नेमक्या त्याच टप्प्याची आहे.

तिरफळ
आमच्या गोव्यात आणि तिकडे महाराष्ट्रातही काही वर्षांपूर्वी "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"चं पेव फुटलं होतं, आठवतं का? मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखतात, वाचतात. पालक हजारो रुपये भरून यायचे. अंनिसने जाहीर आव्हान दिलं होतं. नाकाच्या बाजूच्या फटीतून मुलं बघतात हे उघड झालं. मला सर्वात वाईट याचं वाटलं की मुलांना आईवडिलांशी खोटं बोलायला शिकवलं जात होतं. न्यूरोफीडबॅक त्याच्या पंगतीत नाही हे मान्य, पण मेंदू म्हटलं की पालक प्रश्न विचारायचे थांबतात हे दोन्हीकडे सारखंच.

काळा_कोट
पालकच का, न्यायालयंही थांबली होती. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींवरची चाचणी पुराव्यात धरली गेली आणि जगभर चर्चा झाली. आरोपीला टोपी घालून वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून "हा अनुभव तिच्या स्मरणात आहे" असा निष्कर्ष काढायचा. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि अशी ब्रेन मॅपिंग चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. रंगीत आलेख समोर आला की शिकलेली माणसंही तो वाचलाच असं मानतात. आलेख कोणत्या गृहीतकावर काढलाय, हे विचारणं वकिलाचं काम, आणि ताई, इथे ते तुमचं आहे.

दुपारची_झोप
यावरून आठवलं. १९७०च्या दशकात कॅनडात हॅमिल्टन इथल्या एका न्यूरॉलॉजिस्टने लिंबाच्या चवीच्या जेलीला ईईजीच्या तारा लावल्या होत्या. चक्क लहरी आल्या. अतिदक्षता विभागातल्या आजूबाजूच्या यंत्रांचे आणि हालचालींचे संकेत तारांनी टिपले होते. मेंदूमृत्यू ठरवताना केवळ ईईजीवर विसंबू नका हे त्यांना दाखवायचं होतं. त्या जेलीलाही कुणीतरी सत्रांचं पॅकेज विकलं असतं :)

मनमोकळी
हाहा. आता ताईंच्या त्या लाल डागाबद्दल. नेहमीच्या मांडणीत १९ इलेक्ट्रोड असतात. प्रत्येकावर चार पट्टे धरले तर ७६ आकडे झाले. प्रत्येक आकडा "सर्वसाधारण" मुलांच्या नोंदींशी ताडतात आणि वीस मुलांत एखाद्याचाच इतका दूर असेल तर रंग भरतात. हिशोब करा, पूर्णपणे निरोगी मुलाच्या चित्रातही केवळ योगायोगाने तीन-चार ठिकाणी रंग येऊ शकतो. दुसऱ्यांदा मोजलं की त्यातले काही डाग आपोआप जातात, कारण त्या दिवशी मूल जेवलेलं असतं, सरावलेलं असतं, मान सैल असते. तोच "फरक" म्हणून दाखवता येतो.

आणि थीटा-बीटा गुणोत्तराचा इतिहास सांगायलाच हवा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर आधारलेल्या एका यंत्राला एडीएचडीच्या निदानात *साहाय्यक* म्हणून परवानगी दिली. जाहिरातींमधून "साहाय्यक" हा शब्द गळाला. २०१६ मध्ये तिथल्या न्यूरॉलॉजी अकादमीने सांगितलं की संशोधनाबाहेर एडीएचडीच्या निदानाची खात्री करायला हे वापरू नये. चुकीचं निदान होण्याचा धोका आहे.

सांजवात
थोडं वेगळं विचारते. आईला अल्झायमर आहे. ४० हर्ट्झने लुकलुकणारा दिवा समोर ठेवला तर मेंदूत साचलेलं प्रथिन कमी होतं असा व्हिडिओ भावाने पाठवलाय. दिवा मागवू का? रोज डोळ्यांसमोर ती थोडी थोडी निसटते आहे, म्हणून विचारते.

सूक्ष्मव्होल्ट
सांजवातताई, मूळ काम खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या ली-हुए त्साई यांच्या गटाने उंदरांवर ते दाखवलं. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाने तसेच प्रयोग उंदरांवर केले तेव्हा प्रथिन कमी झालेलं त्यांना दिसलं नाही. लयींवर हयात घालवलेला माणूस हे सांगतो, म्हणून मी ते गंभीरपणे घेतो. बाजारातला लुकलुकणारा दिवा त्या प्रयोगातल्या दिव्यासारखाच असेल याचीही खात्री नाही. आणि आईंना कधी झटका आला असेल तर लुकलुकता प्रकाश धोक्याचा. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय लावू नका.

सांजवात
आभारी आहे. ती घाबरते अशा प्रकाशाला, आत्ता लक्षात येतंय. राहू दे. संध्याकाळी तिच्याबरोबर अभंग म्हणते, ते तिला अजून येतात.

खडूफळा
मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. २०१९ मध्ये चीनमधल्या चिनह्वा इथल्या एका प्राथमिक शाळेचा व्हिडिओ पाहिला होता. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कपाळावर पट्टा, लक्ष असलं की लाल दिवा, नसलं की निळा, आकडे शिक्षकांकडे आणि पालकांकडे. लोकांनी आवाज उठवल्यावर ते बंद झालं. माझ्या अंगावर काटा आला होता. खिडकीतून पावसाकडे बघणारं मूल काहीतरी शिकत असतं हो. उद्या कुणी आमच्या केंद्रशाळेत असे पट्टे वाटले तर मी पहिला विरोध करीन.

गोदाकाठताई, मुलाच्या बाईंना विश्वासात घेतलंत का? वर्गात आम्हाला जे दिसतं ते कुठल्याच टोपीला दिसत नाही.

मनमोकळी
खडूफळा सर, दुसऱ्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन, आणि तिथूनच मूळ प्रश्नाकडे येते. ताई, समजा करायचं ठरवलंत, तर मोजमाप असं ठेवा.

आधी काहीच सुरू न करता तीन-चार आठवडे फक्त नोंद घ्या. मूल दिवसागणिक किती खालीवर होतं हे त्यातूनच कळतं, आणि ते कळलं नाही तर पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. नोंद मोजक्याच गोष्टींची, पण तुमच्या घरात खरोखर बोचणाऱ्या. उदाहरणार्थ, गृहपाठ किती वेळात उरकला, सकाळी तयार होताना किती वेळा आठवण करावी लागली. "आज एकाग्र होता का" असं लिहू नका, ते आपल्या मूडवर ठरतं. जोडीला व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली आहे, पालकांची वेगळी, शिक्षकांची वेगळी. ती मोफत मिळते, तुमचे डॉक्टर ती वाचून सांगतील.

केंद्राच्या खेळातले गुण धरू नका. विमान उडवायचा सराव केला की विमान चांगलं उडतं. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांवर सहा आठवडे मेंदूच्या खेळांचा प्रयोग झाला. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक सुधारले, त्याच्या जवळपासच्या इतर कामांतसुद्धा नाही. अमेरिकेत एका नामांकित ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅपला असे दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले.

आणि त्या काळात दुसरं काही बदलू नका. औषध, शिकवणी, मोबाइलचे नियम, सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते देवालाच ठाऊक.

वर्गशिक्षिकेला मात्र न्यूरोफीडबॅकबद्दल सांगू नका. नुसती प्रश्नावली भरून घ्या. तिला माहीत नसेल तरच तिचं मत स्वच्छ राहील.

खडूफळा
इथे मी असहमत. वर्गात पन्नास पोरं असतात. पालकांनी एखाद्या मुलासाठी तीनदा प्रश्नावली पाठवली की आम्हाला कळतंच काहीतरी चाललंय. नंतर बाहेरून समजलं की आमच्यावर प्रयोग झाला, तर विश्वास जातो. तो विश्वास मुलाच्या पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी लागतो. बाईंना सांगा की "काही गोष्टी करून बघतोय, काय आणि कधी ते मुद्दाम सांगत नाही, म्हणजे तुमचं निरीक्षण मोकळं राहील." कुठल्याही शिक्षकाला हे पटेल. उलट जास्त काळजीने बघतील.

मनमोकळी
सर, तुमची पद्धत चांगली आहे. कधी सुरू झालं हे माहीत नसलं तरी पुरतं. मी पुढे पालकांना असंच सांगेन.

संत्रानगर
मला एक म्हणायचंय. हे सगळं करायला आई सुशिक्षित पाहिजे, वेळ असलेली पाहिजे. आमच्याकडे दोघंही दुकानावर. आम्ही नोंदी ठेवल्या नाहीत, पोरीला हसताना पाहिलं. मला त्या केंद्रातल्या ताईचे आजही आभार वाटतात, ती पोरीशी फार मायेने बोलायची.

मनमोकळी
आणि त्या मायेचा वाटा मी कधीच नाकारणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. माया आणि नियमित वेळ जर काम करत असेल, तर त्यासाठी पालकांना टोपीचे पैसे का द्यावे लागावेत? तीच मदत शाळेतल्या समुपदेशकाकडून, सरकारी रुग्णालयातून परवडेल अशी मिळायला हवी. दोघंही दुकानावर असलेल्या घराला तर सर्वात आधी.

अरुणोदय
हे पटलं. माझ्या गुरुजींनी तर कधी एक पैसा घेतला नाही.

यावल_ते_येना
शेजारच्या ऑस्ट्रियातला एक अभ्यास जोडतो, प्रौढांसाठी उपयोगी पडेल. साल्झबुर्ग विद्यापीठात निद्रानाश असलेल्या लोकांवर न्यूरोफीडबॅक केलं, २०१७ मध्ये निकाल आला. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही सत्रांनंतर लोक म्हणाले झोप सुधारली. प्रत्यक्ष झोपेच्या नोंदीत मात्र सुधारणा दिसली नाही. म्हणून घरी लहरी मोजणारा हेडबँड वापरणाऱ्यांनी "आज छान वाटलं" आणि "आज काय मोजलं" या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

गोदाकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्यासोबत बसून वाचले. काल केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारल्या. चित्रातले रंग कोणत्या मुलांच्या नोंदींशी ताडून भरले? मुलगा दमलेला होता, तर चाचणी सकाळी पुन्हा कराल का? शेवटचं मोजमाप तुमच्याऐवजी आमच्या डॉक्टरांनी केलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर "सॉफ्टवेअरमध्ये असतं." दुसऱ्याला वेगळे पैसे. तिसऱ्याला केंद्रातल्या बाई जरा थांबल्या, मग म्हणाल्या, चालेल, पण पॅकेज आधी पूर्ण भरावं लागेल. बोलायला त्या चांगल्या होत्या, मनात राग नाही.

आम्ही सध्या भरणार नाही. नोंदवही मात्र सुरू केलीय, बाईंशी खडूफळा सरांच्या शब्दांत बोलले आणि त्या आनंदाने हो म्हणाल्या. पालक प्रशिक्षणाचा गट इथल्या डॉक्टरांकडे महिन्याभरात सुरू होतोय, त्याला दोघंही जाणार. औषधाबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचं ठरवलंय, इतके दिवस मीच टाळत होते. संत्रानगर, तुमचं लिहिणं वाचून धीर आला, मुलं सुधारतात यावर विश्वास बसला. तुमच्या लेकीला आशीर्वाद.

संत्रानगर
ताई, तुमच्या पोराचं भलं होवो. नोंदवहीत काय दिसलं ते इथे लिहा, मलाही बघायचंय.

भिंगरी
धागा छान रंगलाय, त्यात एक साधा प्रश्न. पुतण्याला तापात झटका येऊन गेला म्हणून डॉक्टरांनी ईईजी सांगितलाय. वरचं सगळं वाचून वहिनी घाबरली, म्हणते करायचाच नाही.

पेस्ट_आणि_तारा
मी ईईजी तंत्रज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात. वहिनींना सांगा, हा ईईजी वेगळ्या कामासाठी आहे आणि झटक्यांच्या तपासात तो खरोखर उपयोगी पडतो. इथे डॉक्टर प्रत्यक्ष आलेख वाचतात, रंगीत चित्र बघत नाहीत. दुखत नाही, वीज डोक्यात सोडत नाही, फक्त टिपतो. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल अजिबात नको, नाहीतर पेस्ट चिकटत नाही आणि आम्हाला पोराचं डोकं घासावं लागतं. औषध चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

भिंगरी
आजी रोज चंपी करते, तिला सांगायला हवं :) सकाळी नऊची वेळ दिलीय आणि "झोप कमी करून आणा" असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करायचं?

पेस्ट_आणि_तारा
झोपेतली नोंद हवी असते, म्हणून. रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा. किती वाजता ते वयावर ठरतं, विभागात फोन करून विचारून घ्या. येताना रिक्षात डोळा लागू देऊ नका, गाणी म्हणा, गप्पा मारा. नाश्ता देऊन आणा आणि त्याची रोजची चादर सोबत घ्या, परक्या पलंगावर पोरं लवकर झोपत नाहीत.